आज तळं कसं आहे

ही दोन हजार सहा सालची गोष्ट. त्या वर्षी एका सकाळी आमच्या घरात दूध करपलं आणि यांना ते कळलं नाही.

झालं ते एवढंच. मी मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. हे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पेपर उघडून बसले होते, शेगडीकडे पाठ करून, पण हात मागे नेला तर भांडं लागेल इतक्या जवळ. मला बाहेर वास आला, तशी ओला टॉवेल खांद्यावर टाकून आत आले. दूध उतू जाऊन आटलं होतं, तळ काळा पडला होता, आणि हे शांतपणे पान उलटत होते. "अहो, दूध," मी म्हणाले. "काय झालं दुधाला?" म्हणत यांनी मान वळवली आणि भांड्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. करपलेल्या भांड्याकडे बघताना माणसाचं नाक आधी वाकडं होतं, डोळे नंतर. यांचं नाक हललंच नाही. मी भांडं सिंकमध्ये टाकलं, नळ सोडला आणि घासत राहिले. काळं निघत नव्हतं. पाठीमागे पेपरची सळसळ चालू होती, आणि मला वाटत होतं, आता मागे वळून पाहिलं तर आपल्याला जे कळलंय ते यांनाही कळेल.

दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याचं नाक गेलं असतं तर हसण्यावारी नेता आलं असतं. यांचं नाक म्हणजे यांची नोकरी होती. मक्यापासून स्टार्च काढायचा तो कारखाना. मका भिजवायचा, दळायचा, धुवायचा, आणि धुवणाचं सगळं पाणी मागच्या अंगाला दोन खोल तळ्यांत सोडायचं. ते पाणी पेजेसारखं दाट असायचं; तसंच नदीत सोडलं असतं तर नदी मेली असती. तळ्याच्या तळाशी, जिथे हवा पोचत नाही, तिथे डोळ्यांना न दिसणारे जीव ती घाण खात बसायचे आणि तळ्याच्या दुसऱ्या टोकाला बऱ्यापैकी निवळ पाणी बाहेर पडायचं. या जिवांचं पोट सांभाळणं हे यांचं काम. जास्त पाणी आलं की तळं आंबायचं. आंबलं की ते जीव मरायला लागायचे. मग पाणी कमी करायचं, चुना टाकायचा, आणि वाट बघायची. लॅबचा कागद दुसऱ्या दिवशी यायचा, तोवर तळं हाताबाहेर गेलेलं असायचं. यांना ते आदल्या संध्याकाळीच कळायचं. बांधावर उभं राहून हे एकदा खोल श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "उद्या निम्मं पाणी." पंपावरचा माणूस यांना नाकसाहेब म्हणायचा. हे बांधावर दिसले की ओरडायचा, "सावरून बसा रे, नाक आलं, साहेब मागून येतायत." यांना ते आवडायचं. घरी येऊन मला सांगायचे, दर वेळी नवीन असल्यासारखं.

मी लग्न होऊन कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा पहिला आठवडाभर मला अन्न जात नव्हतं. सासूबाईंनी वेगळाच अर्थ घेतला आणि चुलत सासऱ्यांपर्यंत बातमी गेली. वास होता तो. उशीत, केसांत, धुतलेल्या पातेल्यात, पुस्तकाच्या पानांत. आंबलेल्या पिठाचा, त्यावर डांबरासारखं काही तरी, आणि वारा फिरला की कुजक्या अंड्याचा. माहेरची माणसं यायची ती दुपारच्या गाडीनं परत जायची. माझा भाऊ तर दारात उभा राहूनच बोलायचा, रुमालाआडून. पुढे केव्हा तरी तो वास येईनासा झाला, म्हणजे येत असायचा, पण घड्याळाच्या टिकटिकीसारखा. मुलीचं तसं झालं नाही. तिला शाळेत तळ्यातली म्हणायचे. बसमध्ये आपल्या शेजारची बाई उठून पुढे गेली की ती स्वतःची बाही नाकाशी नेऊन बघायची. मी पाहायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. कॉलेजसाठी ती शहरात गेली, सुटीला येईनाशी झाली. "आई, तुम्हीच या," असं म्हणायची. इतकी वर्षं आम्ही त्या वासापायी माणसं गमावत आलो होतो, आणि आता यांनी वासच गमावला होता.

त्या दिवसानंतर मी यांना बघत राहिले. कांदा जळू दिला. डांबरगोळ्यांचा डबा यांच्या उशाशी उघडून ठेवला. शेवटी एकदा जेवताना, ताटातून मान वर न करता हेच म्हणाले, "किती परीक्षा घेणार आहेस अजून?"

"कधीपासून?" मी विचारलं.

"थंडीपासून. आधी वाटलं सर्दी आहे."

"आणि तळं?"

"अंदाजानं चाललंय. बुडबुडे बघतो. रंग बघतो." मग भात कालवत, "कळलं तर गोदामात टाकतील मला. पोती मोजायला. तळं लॅबमधल्या त्या केमिस्टकडे देतील. तो बांधावर बूट घालूनसुद्धा येत नाही, म्हणतो घसरतं."

नोकरी गेली नसती, एवढं मलाही माहीत होतं. गोदामातही खुर्ची होती, पंखा होता. पण यांच्या आवाजात मी ते कधी ऐकलं नव्हतं. मूल दुसऱ्याकडे ठेवून जायची वेळ आल्यासारखं काही तरी. आम्ही शहरात जाऊन नाकाच्या डॉक्टरला भेटून आलो. त्यानं नळी घालून पाहिलं, काम काय करता म्हणून विचारलं. "ऑफिसात," हे म्हणाले. डॉक्टर म्हणाला, नाक थकलंय, आराम द्या. परतीच्या बसमध्ये यांनी मला कोपर मारलं आणि म्हणाले, "नाकाला आराम द्यायचा म्हणजे काय करायचं? पाय वर करून ठेवायचं?" मी हसले. खिडकीत स्वतःचा चेहरा दिसत होता आणि मला वाटलं, यांचंच का, सगळंच थकलंय. बसची सीट, कंडक्टरचा आवाज, आमचं हे वय.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी मी यांच्याबरोबर तळ्यावर जाऊ लागले. ठरवून असं काही बोललो नाही आम्ही. यांनी चपला घातल्या, मीही घातल्या. बांधावर यांच्या नेहमीच्या जागी उभी राहून मी श्वास घेतला. घशापर्यंत आंबट गेलं. "कसं आहे?" यांनी समोर बघत विचारलं, ओठ न हलवता. मला शब्द सापडेना. यांच्या कामाचे शब्द वेगळे, माझे सगळे स्वयंपाकघरातले. "फडकं ओलं राहिलं की येतो तसा," मी म्हणाले. हे विचारात पडले. "भांडी पुसायचं की फरशीचं?" "भांड्याचं." "मग ठीक आहे. फरशीचं झालं की सांग." अशी आमची भाषा तयार झाली. ओल्या मातीचा, म्हणजे तळं छान. ताकाचा, म्हणजे सावध. बंद पेटीचा, म्हणजे आंबायला लागलं, चुना हवा. मी सांगायचे, हे दोन पावलं पुढे जाऊन सगळ्यांना दिसेल असा खोल श्वास घ्यायचे आणि पंपावरच्या माणसाला हुकूम द्यायचे. लोकांना गंमत वाटली. इतक्या वर्षांत कधी नाही ते साहेबांची बायको संध्याकाळची फिरायला येते. पंपवाला म्हणाला, "वहिनी, हौस आहे ती आहे, पण जागा तरी बरी निवडायची." मी म्हटलं, "तुमचे साहेब दुसरीकडे कुठे नेतच नाहीत." तो इतका हसला की त्याच्या हातातला पाना खाली पडला.

खरं सांगायचं तर आमच्या संसारातलं ते सगळ्यात जवळचं वर्ष. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली होती, आमच्यात बोलायचं असं फार उरलं नव्हतं; पगार, औषधं, मुलीचा फोन. आणि आता हा माणूस रोज माझ्या एका श्वासाची वाट बघत शेजारी उभा राहायचा. मला भीतीही वाटायची. पंपाखाली एक खोल खड्डा होता, तिथे अंड्याच्या वासाचा गॅस साठायचा. नाक असलेला माणूस लगेच मागे सरतो. "तिथे उतरायचं नाही, काही झालं तरी," मी यांना बजावलं होतं. "नाही उतरत," हे म्हणायचे, शाळेतल्या मुलासारखे. आणि रात्री पडल्यावर कधी कधी कुशीवर वळून विचारायचे, "माझ्या अंगाला येतो का गं अजून तळ्याचा?" मी म्हणायचे, येतो. तेवढ्यानं यांना झोप लागायची.

मोजणीवाली आली ती त्याच वर्षाच्या शेवटी. मोठ्या शहरातल्या कुठल्याशा संस्थेनं पाठवलेली, आमच्या मुलीएवढीच, पाठीला पिशवी, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. कारखान्यांच्या सांडपाण्यातून हवेत काय जातं ते मोजायचं, असं मॅनेजरनं सगळ्यांना सांगितलं आणि तिला यांच्या हवाली केलं. ती तळ्यावर एक मोठा टब पालथा सोडायची, दोरीला बांधून. टबाच्या पाठीला नळी, नळीला पिशवी. तळातून आलेले बुडबुडे टबाखाली साठायचे आणि पिशवी फुगायची. पंपवाल्यानं पहिल्याच दिवशी तिला सांगितलं, "बाई, टब उलटा पडलाय तुमचा."

"तो उलटाच असतो."

"मग आंघोळ कशी करता?"

"तुम्ही आधी शिरा, मग सांगते," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून ती आमची झाली. दुपारी आमच्याकडे जेवायची. नाकाला रुमाल लावायची नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "काकू, मी याहून घाण तळी पाहिलीत. तुमचं तर देखणं आहे." हे ऐकून यांचा चेहरा असा झाला की मला दुसरीकडे बघावं लागलं.

त्यानंतर यांनी जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. परीक्षेला बसणाऱ्या पोराला जपावं तसं यांनी तळ्याला जपायला घेतलं. पाण्याचा जोर कमी-जास्त होऊ द्यायचा नाही म्हणून पंपवाल्याच्या डोक्यावर बसून राहायचे. चुना वेळेवर. कडेचा फेस काढून टाकायचा. दळण विभागातल्या लोकांशी भांडून आले, की तुमचं धुवणाचं पाणी एकदम सोडू नका, माझ्या तळ्याला ठसका लागतो. मी संध्याकाळी दोनदा श्वास घ्यायचे, या टोकाला आणि त्या टोकाला. "माती," मी सांगायचे. "नक्की?" "नक्की. नुसती माती." तळं खरंच तसं कधी नव्हतं. बुडबुडे तर असे यायचे की पाणी मंद आचेवर ठेवल्यासारखं दिसायचं. मोजणीवालीच्या पिशव्या बघता बघता टम्म व्हायच्या. हे तिला मुद्दाम विचारायचे, "भरली का?" ती भरली म्हणाली की मान डोलवायचे. घरी येऊन म्हणायचे, "इतकी फुगलेली पिशवी तिनं कुठे पाहिली नसेल." तळं श्वास घेतंय, ते बरं आहे, हे बाहेरच्या माणसानं मोजून लिहून न्यावं, एवढीच यांची इच्छा होती. मग नाक असो वा नसो.

आणि नेमकी मला सर्दी झाली. साधी, हवा बदलल्याची. सकाळी उठले तर चहा म्हणजे गरम पाणी. संध्याकाळी बांधावर उभी राहून मी छाती भरून श्वास घेतला आणि आत नुसती थंड हवा गेली. इतकी वर्षं भरलेलं घर कुणी तरी रिकामं करून झाडून ठेवल्यासारखं. यांना रोज हे असं असतं, माझ्या मनात आलं. "कसं आहे?" हे म्हणाले. "मला काही कळत नाही हो. नाक बंद आहे." तेवढ्यात मोजणीवाली टब ओढत आली, मागे पंपवाला. तिचे शेवटचे दिवस होते. वही काढून तिनं हसत विचारलं, "नाकसाहेब, आज तळं कसं आहे? माझ्या आकड्यांशेजारी तुमच्या नाकाचं मतही लिहून नेते."

यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या हातात रुमाल होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं, सर्दीचंच. मी मान हलवली, सांगू नका अशी. एक शब्द पुरला असता. काल माती होती, आजही मातीच असणार. पण हे तळ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मला वास येत नाही. वर्ष होत आलं. ही सांगते मला. आज हिला सर्दी आहे."

मोजणीवालीनं वही मिटली. तिच्या चेहऱ्यावर दया आली असती तर यांना ती सोसली नसती. ती आली नाही. ती कामाच्या माणसाशी बोलावं तशी बोलली, "पण काका, मी जो गॅस मोजतेय त्याला वासच नसतो. तुमचं नाक अगदी तरुणपणी होतं तसं असतं तरी तो कळला नसता. घरातल्या गॅसला वास येतो ना, तो मुद्दाम घातलेला असतो, माणसाला कळावं म्हणून. या गॅसला कोण घालणार?"

"आंबट वास?" हे म्हणाले.

"तो तळं आजारी असताना. तेव्हा हा गॅस कमी असतो. तळं चांगलं असलं, नुसता मातीचा वास असला, की हा भरभरून येतो. तुमच्या तळ्याइतकं चांगलं तळं मी पाहिलं नाही. म्हणूनच माझ्या पिशव्या अशा भरल्या." मग तिनं चिमणीकडे बोट केलं. "सगळे त्या धुराला नावं ठेवतात. या दोन तळ्यांतून निघतं ते त्या चिमणीला भारी आहे. वर आभाळात जातं, आणि ऊब धरून ठेवतं, सगळं जग तापवतं."

"मला वाटायचं, तळं ती घाण खातं," हे म्हणाले.

"खातंच. पण खाल्लेलं कुठे तरी जातंच ना."

"म्हणजे ढेकर," पंपवाला म्हणाला.

"ढेकरच म्हणा," ती म्हणाली. कुणी हसलं नाही.

आम्ही घरी आलो. हे चपला न काढता खुर्चीत बसले. मला वाटलं होतं रागावतील, किंवा रडतील, किंवा गोदामाचा विषय काढतील. हे म्हणाले, "चुना टाकायला नको होता का गं मग?" मी म्हटलं, नदी मेली असती. "हो," हे म्हणाले, "नदी मेली असती." एवढंच. माझ्या डोक्यात ती सगळी वर्षं बुडबुड्यांसारखी वर येत होती. सासूबाई, भावाचा रुमाल, मुलीनं नाकाशी नेलेली बाही. आम्ही ज्या वासाला घाबरलो, ज्याच्यापायी लाजलो, तो बिचारा निदान दारावर टकटक करून येत होता. जे खरोखर जात होतं ते आमच्या डोक्यावरून, केसांना न लागता, गुपचूप जात होतं, आणि हवा सगळ्यात चांगली असायची त्या संध्याकाळी सगळ्यात जास्त. अशा संध्याकाळी आम्ही बांधावर थोडा जास्त वेळ थांबायचो. या विचाराचं काय करायचं ते मला तेव्हा कळलं नाही. मी उठले, गॅस पेटवला आणि तो निळा जाळ बघत राहिले.

मोजणीवालीनं मॅनेजरला यांच्या नाकाबद्दल एक शब्द सांगितला नाही. पंपवाल्यानंही नाही, आणि त्याच्या पोटात काही राहत नाही अशी त्याची ख्याती होती. सांगून फरकही पडला नसता. तिचे आकडे पोचल्यावर पुढच्या वर्षी तळ्यांवर जाड काळं प्लास्टिक अंथरलं, कडा मातीत गाडल्या आणि आतला गॅस नळानं बॉयलरकडे नेला. प्लास्टिक हळूहळू फुगलं, एखादं मोठं जनावर अंगावर घोंगडी घेऊन झोपल्यासारखं. मॅनेजरनं यांना बोलावून प्रेमानं सांगितलं, "आता काटे आणि दिवे आलेत, नाकाचं काम राहिलं नाही. तुम्ही गोदामात बसा, आराम करा." वर्षभर आम्ही दोघांनी मिळून जे लपवलं, ते न कळताच यांचं तळं गेलं. पहिल्या दिवशी हे डबा घेऊन निघाले तेव्हा सवयीनं मागच्या वाटेला वळले, थांबले, आणि पुढच्या गेटकडे गेले. मी गॅलरीतून पाहत होते. कॉलनीत वास नव्हता. शेजारणी म्हणायच्या, सुटलो बाई.

पंपवाला पुढे पंपाखालच्या त्या गॅसच्या खड्ड्यात उतरला, चोकअप काढायला. दुसऱ्या माणसानं त्याला ओढून वर काढलं म्हणून वाचला, पण नंतर त्याला शब्द नीट सापडत नसत. आमच्या मुलीच्या लग्नाला आला होता. माझ्याकडे बघून "जागा तरी बरी" एवढंच म्हणाला आणि हसला. मोजणीवाली परदेशी गेली, कुठे कुठे तळी मोजत हिंडते असं ऐकते. मॅनेजर निवृत्त होऊन त्याच्या मुलाकडे राहतो. कारखाना नंतर कुणी तरी घेतला आणि बंद केला. मधल्या काळात प्लास्टिक फाटलं, ते कुणी शिवलं नाही. तळी अजून तिथेच आहेत म्हणे. हे गेले त्याला बरीच वर्षं झाली. दवाखान्यात शेवटी शेवटी हे मला दिवसातून कितीदा तरी विचारायचे, "कसं आहे?" मी खोलीत श्वास घ्यायचे. औषधं, फिनेल, शेजारच्या खाटेवरची संत्री. मी सांगायचे, "माती. नुसती माती." यांचा चेहरा सैल व्हायचा.

मी आता शहरात मुलीकडे असते, सातव्या मजल्यावर. मागच्या महिन्यात मी टेबलाशी पेपर वाचत बसले होते आणि ती दार उघडून आत आली ती थेट शेगडीकडे धावली. बटण उघडं होतं, जाळ नव्हता. तिनं खिडक्या उघडल्या आणि ती माझ्याकडे वळली. तिनं नुसतं माझ्या नाकाकडे पाहिलं. मी ते पाहणं ओळखते.

आता संध्याकाळी ती ऑफिसातून आली की मी तिला गॅलरीत बोलावते. खाली गाड्या, समोर उंच इमारती, पलीकडे कुठे तरी कारखान्यांची रांग. "कसला वास आहे गं?" मी विचारते. आधी ती वैतागायची. आता माझ्याशेजारी उभी राहून नीट श्वास घेते, लहानपणी घ्यायची नाही तसा.

"कसलाच नाही, आई," ती म्हणते. "आज हवा अगदी छान आहे."

मी मान डोलवते, आणि वर आभाळाकडे बघते.